चोपन्न मिलिमीटर

कोबा ओतला त्याला मंगळवारी नऊ आठवडे झाले.
दिसायला ठणठणीत कोरडा.
दिसण्यावर जाऊ नका, टिहोमिर म्हणाला,
आणि गुडघे टेकून हातभर प्लास्टिक
चारी कडांनी चिकटवलं जमिनीला,
मुरंब्याच्या बरणीला दादरा बांधावा तसं.
सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब.
"घाम येतोय अजून ह्याला."

बनबरीचा वारा, मीठ, माश्या.
गाडीच्या मागच्या फळीवर त्यानं
जारा लाकडाचे तुकडे मांडले.

एक तर थेट गोंदानं चिकटवायचं.
एकवीस मिलिमीटर, बास.
दारं आहेत तशी राहतात,
आईच्या वॉकरची चाकं बिनबोभाट आत.
पण चिकटलं ते चिकटलं,
उद्या एक फळी फुगली
तर छिन्नीनं तुकडे तुकडे करून काढा.

नाहीतर मध्ये प्लायवूड,
फळीच्या जिभेतून तिरपे खिळे, कुणाला दिसायचे नाहीत.
"बहुतेक लोक हेच घेतात," तो म्हणाला,
वर्गातल्या मधल्या बाकावरच्या मुलाबद्दल बोलावं तशा आवाजात.

आणि रिपा.
खाली पस्तीसच्या रिपा, वर एकोणीसची फळी,
मी वहीत बेरीज केली: चोपन्न.
सगळी दारं खालून तासायची,
डिशवॉशर ओट्याखाली कायमचं कोंडलं जाणार,
खर्च विचारू नका.

मी गोंदाच्या बाजूची.
स्वस्त, सखल, शहाणं काम.

आई दारात काठीवर रेलून ऐकत होती.
"ह्यातलं वाजतं कोणतं?" तिनं विचारलं.

मला कळलं नाही. टिहोमिरला कळलं.
एक तुकडा कोब्यावर दाबून धरला, बोटाच्या पेरानं ठोकला:
टक्. दगडच.
प्लायवर: टप.
मग दोन रिपांवर लांब फळी टाकली
आणि बुटासकट उभा राहिला तिच्यावर.
दुम्.

आईनं मान वळवली
आवाजाकडे, माझ्याकडे नाही.

"डॉनीब्रूकच्या घरात," ती म्हणाली,
"तुझे बाबा डावी टाच आधी टाकायचे.
रोवन धावतच यायचा.
तू सतराव्या वर्षी बूट हातात घेऊन यायचीस,
तरी न्हाणीघराजवळची तिसरी फळी चुगली करायची.
आता तीन वर्षं त्या फरशीच्या खोलीत आहे मी.
माणसं येत नाहीत गं,
एकदम कानाशी उगवतात."

रोवनचा कराथाहून फोन: वेड लागलंय का तुम्हाला?
अडखळून पडली तर?
तो चुकीचं बोलत नव्हता.
मी फोन तसाच टिहोमिरच्या हातात दिला.
त्यानं पुठ्ठ्यावर पेन्सिलनं उतार काढला,
चौदाला एक, म्हणजे पाऊण मीटर,
आणि पुठ्ठा फोनसमोर धरला,
जणू पलीकडे दिसणार होतं.

ठरलं मग. म्हणजे
ठरलं असं कुणी म्हटलं नाही,
फक्त गोंदाचे डबे परत गेले दुकानात.

फळ्या आल्यात.
पाडलेल्या सभागृहाच्या, जुन्या खिळ्यांची काळी भोकं अंगावर.
मोकळ्या खोलीत थरावर थर,
मध्ये बारीक काठ्या, हवा खेळावी म्हणून.
त्यांनी ह्या घराची हवा आधी ओळखायची,
आणि खालच्या कोब्यानं आपली ओल सोडायची.
घाई करणाऱ्याची जमीन
पावसाळी पापडासारखी वाकते, टिहोमिर म्हणतो,
म्हणजे तो पापड म्हणत नाही,
हातानं करून दाखवतो.

आई थरांमधून चालते.
ठोकून बघते एकेक.
"अजून मुक्या आहेत," म्हणते.

मी उघड्या कोब्यावरून जाते तिच्याकडे,
आणि दचकू नये म्हणून
दारातच घसा खाकरते.
अजून चार आठवडे तरी.